कंपूतली माणसं

मागच्या सप्टेंबरात चार दिवस केदारखेड्याला जाऊन आलो. मामांचं गाव. जालन्याहून निघालं की राजूर लागतं, तिथे गणपतीला गाडीतूनच हात जोडायचे आणि पुढे पूर्णा दिसली की गाव आलंच. लहानपणी सुट्टी म्हणजे केदारखेडा. आता वर्षाकाठी एखादी चक्कर होते, तीही कुणाचं लग्न नाहीतर तेराव्याच्या निमित्ताने. या वेळी निमित्त काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर कारखान्यातून पळून आलो होतो.

झालं असं की आमच्या विभागातल्या एका फिटरने राजीनामा दिला. अकरा वर्षं होता. आयटीआय करून आला तेव्हा मिशी फुटली नव्हती. मीच घेतला होता त्याला, मीच शिकवला, आणि नंतर नंतर तर अशी वेळ आली की मशीन बंद पडलं की इंजिनियर लोक मॅन्युअल शोधायचे आणि हा कान लावून सांगायचा, साहेब, आतलं बेअरिंग गेलंय. तो याच बाजूचा. त्यामुळे त्याच्या राजीनाम्याची बातमी मी गावात पोचायच्या आधीच मामांपर्यंत पोचली होती.

"गेला म्हणे तो."

"हो ना मामा. दुसरीकडे पगार जास्त मिळाला."

"पगाराचं सोड. अकरा वर्षांत त्याला खुर्ची दिली का तुम्ही?"

मी म्हटलं, सुपरवायझर व्हायला निदान डिप्लोमा लागतो, तसा नियमच आहे. मामा काही बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले. मामांचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या मोटरसायकलवर बसून असईला गेलो. भोकरदन आणि जाफराबादच्या मध्ये हे गाव. इतकी वर्षं इतक्या जवळ असून मी तिथे कधी गेलो नव्हतो. शाळेत दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात असईचं नाव पाठ केलं, एक मार्क मिळवला, संपलं. ते असई म्हणजे आपल्या मामांच्या शेतापासून गाडीवर तासाभराचंसुद्धा अंतर नसलेलं गाव, हे डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. गेल्यावर पाहायला तसं काही नाही. कपाशी, मका, सोयाबीन. एका बाजूला केळणा, दुसऱ्या बाजूला जुई, आणि दोन नद्यांच्या बेचक्यात हा पट्टा. इथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांची फौज आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी लढली. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितली असं म्हणतात.

लढाईचं थोडक्यात सांगतो, कारण मला खरं बोलायचंय ते लढाईबद्दल नाही. २१ तारखेला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले, दोन वाटांनी जाऊन २४ ला एकत्र हल्ला करायचा असं ठरलं. वेलस्ली २३ ला नळणीला पोचला (इंग्रजांच्या कागदांत हे 'नौलनिया' होतं) तर त्याला कळलं की शिंद्यांची छावणी चार कोसांच्या आतच आहे, भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. याने पाहिलं, की दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, त्या अर्थी मधे उतार असलाच पाहिजे. तो होता. प्रत्यक्ष लढलेली त्याची फौज साडेचार हजारांच्या आसपास, म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार वेगळे. समोर शिंद्यांची कवायती पायदळं दहा हजारांच्या वर आणि शंभराच्या आसपास तोफा. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून सोळाशेच्या घरात गेले, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसरा हिस्सा. जिंकले पण ते.

आता या शिंद्यांच्या कवायती फौजेला मराठीत नाव आहे: कंपू. आज आपण कंपू म्हणजे टोळकं, गटबाजी, ऑफिसातली कंपूगिरी या अर्थाने शब्द वापरतो. त्या काळी मात्र कंपू म्हणजे हिंदुस्थानातलं सगळ्यात शिस्तीचं लष्कर. ग्वाल्हेरला अजून कंपू नावाचा भाग आहे. ही फौज उभी कशी राहिली, वाढली कशी आणि काही महिन्यांत हातातून गेली कशी, याची गोष्ट मला कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवणारी वाटते. (कंपनीच्या खर्चाने तीन ट्रेनिंगं केली आहेत मी. त्यातलं आठवतं ते जेवण.)

सुरुवात महादजींपासून. महादजी शिंदे पानिपतातून लंगडे होऊन परत आलेले. तिथे इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं. पुढे इंग्रजांशी लढताना कवायती पायदळाचा आणखी अनुभव आला. नुसत्या घोडदळावर आता भागणार नाही हे ज्यांना स्वच्छ दिसलं, त्यांत महादजी पहिले नसतील, पण त्यावर शेवटपर्यंत पैसा ओतणारे तेच. त्यांना माणूस मिळाला तो बेन्वा डी बॉईन (खरा उच्चार 'द बुआन्य' असा काहीतरी आहे, आपण आपला मराठीच करू). सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावचा, जन्म १७५१ चा. फ्रेंच राजाच्या आयरिश पलटणीत नोकरी, मग रशियनांकडे, तिथे तुर्कांच्या कैदेत, मग मद्रासेला इंग्रज कंपनीच्या फौजेत. आजच्या भाषेत बायोडेटा बघून कुणीही म्हणेल, हा माणूस टिकणारा नाही, फार उड्या मारल्यात याने.

महादजींनी त्याला घेतला कसा, ती गोष्ट मोठी गमतीची आहे. ग्वाल्हेरच्या वेढ्याच्या काळात महादजींच्या माणसांनी या डी बॉईनचं सामानच पळवलं होतं म्हणतात. चिडून हा गोहदच्या राण्याकडे गेला आणि म्हणाला, मला पैसे दे, मी पलटण उभारतो आणि महादजीला मागे हटवतो. राण्याला धीर झाला नाही, उलट बातमी फुटली आणि महादजींच्या कानावर आली. महादजींनी काय करावं? आपल्याला हरवायची योजना आखणाऱ्या माणसालाच नोकरीवर ठेवलं. १७८४ मध्ये त्याने त्यांच्यासाठी दोन पलटणी उभ्या केल्या, प्रत्येकी साधारण साडेआठशेच्या.

पुढची चार-पाच वर्षं लढायांची. लालसोट, चकसाना, आग्रा. मग डी बॉईनने मागणी केली, दोन पलटणींवर काही होत नाही, मला मोठी फौज उभारू द्या. महादजींनी नाही म्हटलं. मोठा खर्च, आणि जुने सरदार या टोपीकराकडे आधीच डोळे वटारून बघत होते. डी बॉईन नोकरी सोडून लखनौला गेला आणि व्यापार करू लागला.

इथे मला महादजी फार आवडतात. १७९० च्या सुमारास त्यांनी त्याला परत बोलावलं. आणि बोलावताना 'ये रे बाबा, आता पगार वाढवतो' एवढंच केलं नाही. ज्या गोष्टीसाठी तो गेला होता ती दिली: दहा पलटणींचा कंपू. फौजेच्या पगारासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला, त्याचा वसूल त्याच्या हाती, म्हणजे दर महिन्याला दरबारात जाऊन हात पसरायला नको. इंग्रज कंपनीविरुद्ध लढणार नाही ही त्याची अटही मान्य केली असं सांगतात. गेलेल्या माणसाला परत आणायचं तर तो ज्या कारणाने गेला ते कारण आधी घालवावं लागतं. आमच्याकडे गेलेल्याला फोन करतात, ते दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला.

डी बॉईनने मग ती फौज बांधली. जून १७९० ला पाटण, सप्टेंबरात मेडता. राठोडांच्या घोडदळाने जीव तोडून हल्ले केले आणि चौकोनात उभ्या पायदळाने ते सोसले. पुढे १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांची कवायती फौज याच कंपूने मोडली. आग्र्याला तोफांचा कारखाना निघाला, त्यावर सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस. पण मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते ती त्याची जखमींबद्दलची व्यवस्था. शिपाई जखमी झाला तर जखमेच्या मानाने ठराविक दिवसांचा पगार बक्षीस, बरा होईपर्यंत पगार चालू, कायमचा जायबंदी झाला तर पेन्शन आणि जमीन. आणि पगार वेळेवर. त्या काळच्या हिंदुस्थानात फौजेचा पगार सहा-सहा महिने थकणं आणि शिपायांनी सरदाराच्या दारात धरणं धरणं ही नित्याची गोष्ट होती. इथे ती नव्हती. अवध, रोहिलखंड, दुआब इथली पोरं या पलटणींत भरती व्हायला येत ती काही डी बॉईनच्या निशाणावरच्या सॅव्हॉयच्या पांढऱ्या क्रुसासाठी नव्हे.

फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. गादीवर दौलतराव आला तो पंधराच्या आसपासचा पोरगा. १७९५ च्या शेवटी डी बॉईननेही तब्येतीचं कारण सांगून निरोप घेतला. जाताना त्याने दौलतरावाला सांगितलं म्हणतात की इंग्रजांशी लढू नका, वेळ आलीच तर पलटणी मोडा पण लढू नका. याला सल्ला म्हणायचं की इशारा, कुणास ठाऊक. गावी परत जाऊन त्याने शांबेरीला दवाखान्यांना वगैरे भरपूर दानधर्म केला आणि १८३० मध्ये मेला. त्याच्या स्मरणार्थ तिथे १८३८ मध्ये कारंजं बांधलं, त्यात चार हत्ती आहेत, चारी बाजूंना तोंडं करून. पुढचा अर्धा भागच आहे, मागची बाजूच नाही. तिथले लोक त्यावरून चावट विनोद करतात.

त्याच्या जागी आला पेरॉन. हा फ्रेंच, कापड व्यापाऱ्याचा मुलगा, जहाजावरून हिंदुस्थानात आलेला, एका वेढ्यात एक हात गमावलेला. लढवय्या होता. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत कंपूचं नेतृत्व त्याचंच. पण वरच्या जागी बसल्यावर त्याने जे केलं ते प्रत्येक ऑफिसात होतं: आपली माणसं वर काढली. फ्रेंच वर, इंग्रज आणि अर्धे इंग्रज खाली. तिकडे दक्षिणेत दौलतरावाचं वेगळंच चाललेलं. फौजेचा खर्च भागेना म्हणून १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्यात लोकांना छळून पैसा काढला तो प्रसिद्धच आहे. महादजींच्या विधवांशी भांडण, लखबादादांशी भांडण. ज्या घरात मालकच घरच्यांशी भांडतोय तिथले नोकर दुसरीकडे बघायला लागतात.

दुसरीकडे बघणारेही तयारच होते. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने (आर्थरचा थोरला भाऊ) ऑगस्ट १८०३ मध्ये एक जाहीरनामा काढला. मराठ्यांच्या नोकरीत असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांनी ती सोडून यावं, त्यांना कंपनी पोसेल. न आल्यास फितूर समजू. इतर युरोपियनांनाही असंच आमिष. म्हणजे एका हातात ऑफर लेटर आणि दुसऱ्यात फास.

याचा परिणाम काय झाला ते एका माणसावरून बघा. जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश, आई राजपूत. अशा मिश्र रक्ताच्या मुलांना कंपनीच्या फौजेत अधिकारी व्हायची बंदी होती, म्हणून तो पोरवयात शिंद्यांच्या नोकरीत आला, तिथेच वाढला, तिथेच जखमी झाला. जाहीरनामा निघाला तेव्हा काही इंग्रज अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं की आम्ही आमच्या लोकांविरुद्ध लढणार नाही. पेरॉनने मग सरसकट सगळ्यांनाच काढलं, इंग्रज रक्ताचा अंश असलेल्या प्रत्येकाला. स्किनर त्याच्याकडे गेला, मला ठेवा म्हणाला. पेरॉनने ऐकलं नाही, माझा आता कुणावर विश्वास नाही म्हणाला. स्किनर नाइलाजाने इंग्रजांकडे गेला, शिंद्यांविरुद्ध लढणार नाही ही अट घालून. पेरॉनचे जे हिंदुस्थानी स्वार तिकडे गेले होते त्यांनी पुढारी म्हणून त्यालाच मागितलं, आणि त्यातून १८०३ मध्ये स्किनर्स हॉर्स तयार झालं. ते आजही भारतीय सैन्यात आहे.

अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला. दरवाजापर्यंतची वाट दाखवायला इंग्रजांबरोबर होता ल्यूकन नावाचा अधिकारी, नुकताच शिंद्यांची नोकरी सोडून आलेला. आणि पेरॉनचं काय? त्याला कळलं की आपल्या जागी अंबाजी इंगळे नेमले गेलेत. त्याने सरळ इंग्रज सेनापती लेककडे पत्र पाठवून लखनौला जायची वाट मागितली. सरसेनापतीचाच राजीनामा, तोही शत्रूच्या टेबलावर! होळकरांनी दुसरं टोक गाठलं. १८०४ मध्ये यशवंतरावांनी लढायला नकार देणाऱ्या व्हिकर्स, टॉड आणि रायन या तिघांची डोकी उडवली. यातला व्हिकर्स म्हणजे १८०२ मध्ये पुण्याची लढाई त्यांना जिंकून देणाऱ्यांपैकी एक.

असईला शिंद्यांच्या पायदळाचा प्रमुख होता पोलमन, हॅनोव्हरचा, पूर्वी मद्रासेकडे कंपनीच्या पलटणीत सार्जंट. वेलस्ली बगलेवरून येतोय हे दिसताच त्याने एवढी मोठी फौज नव्वद अंशांत फिरवून नव्या दिशेला तोंड करून उभी केली. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. हे करायला सुभेदार, जमादार, हवालदार किती मुरलेले लागतात याची कल्पना करा. आणि गोलंदाज. इंग्रज पुढे निघून गेल्यावर तोफांखाली मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. पुष्कळसे तोफेपाशीच मारले गेले. दौलतराव आणि रघुजी तेव्हा रणावर नव्हते. पोलमन वाचला. पुढे कंपनीच्या नोकरीत परत गेला.

रॅन्डॉल्फ कूपर नावाच्या इतिहासकाराचं या युद्धावर पुस्तक आहे, २००३ चं. मराठ्यांच्या तोफा, कवायत, शस्त्रं कमअस्सल होती हे त्यांना मान्य नाही. इंग्रजांनी मधली अधिकाऱ्यांची फळी विकत घेतली, हे त्यांच्या मांडणीत मोठं कारण आहे. मला ते पटतं. फक्त मी त्यात एक भर घालीन. ती फळी विकत घेता आली, कारण पलटणीच्या वरच्या सगळ्या जागा बाहेरून आलेल्यांसाठीच होत्या. वीस वर्षांत त्या कंपूत किती सुभेदार तयार झाले असतील! लढाया बघितलेले, माणसं सांभाळलेले, तोफेचा आवाज ऐकून बारूद ओली आहे की काय ते सांगणारे. त्यांच्यातल्या कुणाला पलटण द्यायची तजवीज डी बॉईनसारख्या माणसानेही केली नाही. कुणी म्हणेल, मग इंग्रजांच्या फौजेत तरी कुठे होती? नव्हतीच, पुढे शंभर वर्षंसुद्धा नव्हती. पण इंग्रजांचे साहेब इंग्रजांना सोडून जाणार कुठे होते?

साहेब गेल्यावर काय झालं ते लासवारीला दिसलं, १ नोव्हेंबर १८०३. डी बॉईनच्या हाताखाली तयार झालेल्या शेवटच्या पलटणी, फ्रेंच अधिकारी जवळजवळ सगळे पळालेले. त्या तशाच उभ्या राहून लढल्या आणि जागेवर कापल्या गेल्या. लेकने स्वतः लिहून ठेवलंय की यांना त्यांचे अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला, त्यात मुलुखाबरोबर एक कलम आलं: इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशाचा माणूस शिंद्यांनी नोकरीत ठेवायचा नाही आणि इंग्रजांच्या संमतीशिवाय ब्रिटिश प्रजाजनही ठेवायचा नाही. म्हणजे पुढच्या भरतीवरही त्यांचाच शिक्का.

असईहून परतताना मामेभावाला म्हटलं, गाडी जरा त्या पोराच्या घराकडे घे. तो घरीच होता, नवी नोकरी सोमवारपासून. मला बघून गडबडला, खुर्ची आणायला धावला. चहा झाला. नव्या ठिकाणी काय म्हणून घेतलंय विचारलं. शिफ्ट इन्चार्ज, म्हणाला, आणि लगेच, "साहेब, तुम्ही शिकवलं होतं म्हणून." राग असता तर बरं झालं असतं.

निघताना गाडीपर्यंत आला. म्हणाला, "साहेब, ते तीन नंबरचं मशीन. माझ्या हाताखाली जो पोरगा होता ना, त्याला त्याचा आवाज कळतो. त्याला लावा तिथं. तो पण आयटीआयच आहे."

जालन्याला परत आल्यावर त्या पोराची फाईल मागवली. सुपरवायझरच्या जागेसाठी त्याचं नाव टाकून वर पाठवलंय. पात्रतेच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून तो तसाच रिकामा ठेवला. अजून उत्तर आलेलं नाही.